पोस्टग्रेसला ‘लेटेस्ट’ लावू नका

डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवत असाल तर कंपोज फाइलमध्ये, म्हणजे कंटेनरची मांडणी लिहिलेल्या फायलीत, इमेजपुढे (कंटेनर ज्यातून बनतो तो तयार साचा) ‘लेटेस्ट’, म्हणजे सर्वात नवी आवृत्ती, लिहू नका, १६ किंवा १७ असा आवृत्तीचा आकडा लिहा.

मी आळस केला होता. एका सकाळी सहज नवी इमेज उतरवली आणि डेटाबेस उठेचना. लॉगमध्ये एकच रड: डेटाच्या फायली या सर्व्हरशी जुळत नाहीत. अशा वेळी डेटा गेलेला नसतो. घाबरून व्हॉल्यूम, म्हणजे डॉकरने डेटा ठेवलेली जागा, पुसलात तर मात्र खरंच जातो! पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण वर्षाला एक येते आणि तिला आधीच्या आवृत्तीचं डेटा फोल्डर थेट चालत नाही. १६.२ वरून १६.४ वर जाताना ही भानगड नसते. १६ वरून १७ वर जाताना असते.

अडकलात तर टॅग, म्हणजे इमेजपुढे लिहिलेली आवृत्ती, जुन्या आकड्यावर आणा. तो आठवत नसेल तर डेटा फोल्डरमधली ‘पीजी_व्हर्जन’ ही चिमुकली फाइल उघडा, तिच्यात तेवढंच लिहिलेलं असतं. जुना कंटेनर सुरू झाला की ‘पीजी_डंपऑल’ या पोस्टग्रेसच्या कमांडने सगळं एका फायलीत काढा, नव्या आवृत्तीला कोरा व्हॉल्यूम द्या आणि ‘पीएसक्यूएल’ या कमांडने ती फाइल आत भरा. जुना व्हॉल्यूम आठवडाभर तरी राहू द्या.

१८ वर जाणार असाल तर कंपोज फाइलमधला व्हॉल्यूमचा पाथही तपासा. अधिकृत इमेजने तिथपासून डेटा ठेवायची जागाच बदलली आहे.