इम्प्लांट काढायचं ठरलं असेल तर

छातीतले इम्प्लांट, म्हणजे आकारासाठी बसवलेल्या सिलिकॉनच्या पिशव्या, काढायचे म्हणजे आपण हरलो, असं मानून आपल्या ट्रान्स बायकांतल्या कित्येकजणी दुखणं अंगावर काढतात. तसं करू नकोस. इम्प्लांट जन्मभर पुरणारी वस्तूच नाही. शरीर त्याच्याभोवती एक आवरण तयार करतं. कधी ते आवळत जातं, छाती कडक होते, दुखते. माझ्या डाव्या बाजूला तेच झालं. कधी सिलिकॉनची पिशवी आतल्या आत फाटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणूनच बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, असं अमेरिकेचं औषध प्रशासन सांगतं. आणि कुणाला तो आकारच नकोसा होतो. तेवढं कारणही पुरेसं आहे.

मी कोल्हापुरात ब्लाऊज शिवते. माझं ऑपरेशन पुण्यात झालं. तेव्हापासून ओळखीतल्या ट्रान्स बायकांसोबत मी दवाखान्यात जाते, म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

आधी इम्प्लांटचं कार्ड शोध. नसेल तर जिथे बसवले तिथून डिस्चार्जचा कागद मागव. कंपनी, सिरीयल नंबर आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, हे सर्जनला कळायला हवं. ॲलर्गन कंपनीचे बायोसेल नावाचे खरबरीत इम्प्लांट जुलै 2019 मध्ये जगभरातून परत मागवले गेले, कारण लिम्फोमा प्रकारच्या एका दुर्मिळ कॅन्सरशी त्यांचा संबंध दिसला होता. तुझे त्यातले असले तरी घाबरून जाऊ नकोस. त्रास नसेल तर ते काढायलाच हवेत असं नाही. पण बसवून वर्षं झाल्यावर एक बाजू अचानक सुजली, तर ऑपरेशनच्या आधी आतलं पाणी तपासायला पाठवायला सांग.

सर्जनला विचारायचं ते आवरणाबद्दल. सगळं आवरण अखंड काढलंच पाहिजे, असं इंटरनेटवर ठासून सांगतात. कॅन्सरचा संशय असेल तर ते खरं. एरवी इम्प्लांट स्नायूखाली असेल तर आवरण बरगड्यांना चिकटलेलं असतं, ते खरवडताना रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित फुप्फुसाच्या अस्तरालाही इजा होते. किती काढायचं आणि का, हे तुझ्याबाबतीत त्यांनी समजावून सांगावं.

मग विचार, मागे काय उरेल? हार्मोन्समुळे वाढलेली स्तनग्रंथी तशीच राहते, ती इम्प्लांटबरोबर जात नाही. पण कातडी ताणलेली असते आणि आपली छाती बहुधा रुंद, त्यामुळे मधलं अंतर जास्त दिसतं. कातडी वर ओढून घेणं किंवा स्वतःची चरबी भरणं नंतरही करता येतं. फोटो दाखवणार असतील तर ट्रान्स बायकांचे फोटो मागून घे आणि बघ.

हार्मोन्स स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. गोळी, जेल की इंजेक्शन, ते सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हार्मोन्सचे डॉक्टर तिघांना सांग. रक्ताच्या गुठळीचा धोका बघून ते ठरवतील. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट किमान चार आठवडे आधीपासून बंद, जखम भरेपर्यंत बंदच. आणि कुणाकडून सुईने सिलिकॉन भरून घेतलं असेल तर लाजू नकोस, सांगून टाक. ते पिशवीत नसतं, मांसात पसरलेलं असतं, त्यामुळे इम्प्लांटसारखं उचलून काढता येत नाही.

कुठल्या वॉर्डात ठेवणार आणि कुठल्या नावाने हाक मारणार, हे दाखल होण्याआधी ठरवून घे. उपचारात भेदभाव करायला ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याने मनाई आहे.

आता घर. माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी इथेच लागते. ऑपरेशन बहुतेकदा एका दिवसाचं किंवा एका रात्रीचं, पण पुढचा आठवडाभर घरात एक माणूस हवाच. घरच्यांनी नातं तोडलं असेल तर गुरूला, मैत्रिणीला, शेजारच्या मावशीला आधीच सांगून ठेव. हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, म्हणजे वेणीसुद्धा दुसऱ्याने घालायची. चहा-साखरेचे डबे फळीवरून ओट्यावर आणून ठेव. पाण्याची कळशी, कुकर, गॅसची टाकी, दुकानाचं शटर यांना डॉक्टर परवानगी देईपर्यंत हात लावायचा नाही. पुढून उघडणारे गाऊन काढून ठेव. पाठीवर, डोक्याखाली दोन-तीन उश्या घेऊन झोपायचं. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं.

जखमेतलं पाणी बाहेर काढायला नळी लावली असेल तर रोज ठरलेल्या वेळी बाटलीतलं पाणी मोजून वहीत लिही. चोवीस तासांत साधारण 25-30 मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. बाहेरगावची असशील तर तोवर शहरातच थांब. नळी घेऊन पुणे-कोल्हापूर प्रवास नको. परतताना सीटबेल्ट आणि छाती यांच्या मध्ये मऊ उशी धर.

एका बाजूला अचानक सूज, पसरणारी लाली, पू, ताप आला तर लगेच फोन कर. धाप लागली, छातीत कळ आली किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली, तर फोनवर बोलत बसू नकोस, थेट इमर्जन्सी गाठ.

पट्टी सुटल्यावर छाती खपाटीला गेलेली दिसेल. रडू आलं तर रडून घे, पण तेव्हाच्या आकारावरून काही ठरवू नकोस. कातडी आकसायला महिने लागतात. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते, सहा महिने ब्लाऊज उसवू नका. टाके भरल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की ब्रामध्ये मऊ कापसाचं पॅड घाला, जुने ब्लाऊज तोवर चालतात.

ट्रान्स भावांपैकी कुणी पूर्वी इम्प्लांट बसवले असतील, तर नुसते ते काढून छाती सपाट होत नाही. स्तनग्रंथी काढण्याचं ऑपरेशन त्याच वेळी करता येईल का, ते विचारा.

काढलेलं आवरण तपासणीला गेलं असेल तर रिपोर्ट हातात घे आणि फाइलला लाव. स्तनग्रंथी आहे तोवर तपासणीही आहेच: हार्मोन्स पाच वर्षांहून जास्त घेतले असतील, तर पन्नाशीनंतर मॅमोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचार, आणि तिथे इम्प्लांट काढल्याचं आधी सांग.