घरात मेलेला उंदीर सापडला तर : आधी पिसवा, मग उंदीर

माळ्यावर किंवा कपाटामागे वास येऊ लागला की आपण केरसुणी आणि सुपली घेऊन धावतो. नेमकं हेच करू नका. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की त्याच्या पिसवा नवं गरम रक्त शोधत बाहेर पडतात. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पण तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये प्रयोगाने दाखवलं. तेही कराचीत, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. आज मुंबईत प्लेग नाही. तरी उंदरांच्या पिसवा टायफस या तापाचे जिवाणूही वाहतात. ते पिसवांच्या विष्ठेत असतात आणि चावलेली जागा खाजवली की आत शिरतात.

मुलांना, कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत ठेवा. रबरी हातमोजे घाला, पँट मोज्यांत खोचा, कारण पिसू बहुधा घोट्याजवळच चावते. खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि पिसवांवर चालणारा फवारा उंदरावर व भोवतालच्या जमिनीवर मारा. डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा.

मग प्लॅस्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून उंदीर उचला, पिशवी सुलटी करून गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला. जागा कोरडी झाडू नका. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी ओतून दहा मिनिटांनी पुसा, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) होतो. ब्लीचमध्ये फिनेल, ॲसिड काही मिसळू नका. शेवटी हात साबणाने धुवा.

सोसायटीत विष ठेवायचं ठरलं तर बिळांजवळ पिसवांचा बंदोबस्त आधी करून घ्या. नुसतं विष घातलं तर उंदीर मरतात आणि उपाशी पिसवा आपल्याकडे वळतात. मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. मुंबई महापालिकेकडे तक्रार १९१६ या फोन क्रमांकावर करता येते.

पुढचे दोन आठवडे घरातल्यांकडे लक्ष ठेवा. ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना उंदराचं आवर्जून सांगा. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यूच्या चाचण्या होतात, पण टायफसची शंका सांगितल्याशिवाय सहसा येत नाही. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो. मात्र गोळी मनाने घेऊ नका. तापासोबत जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.