बडोद्यात राहून जुनी जहाजी घड्याळे कशी जमवावीत

बडोद्याला समुद्र नाही, तरी जुन्या जहाजी घड्याळांचा छंद जोपासायला हे शहर गैरसोयीचे नाही. ओखा बंदर एके काळी बडोदे संस्थानाचेच होते. आणि १९८३ पासून जगभरची निवृत्त जहाजे जिथे मोडली जातात, ते भावनगरजवळचे अलंग इथून पहाटे निघणाऱ्याला दुपारपर्यंत गाठता येते. खऱ्या मालाचा उगम इतका जवळ असला की मन लवकर विश्वास ठेवते, आणि नवशिक्या संग्राहक नेमका तिथेच फसतो. म्हणून घड्याळ विकत घेण्याआधी काही महिने नुसते पाहण्यात घालवावेत, आणि पाहताना एकच प्रश्न मनाशी धरावा: या घड्याळाने जहाजावर खरोखर काम केले होते का, आणि केले असेल तर त्याची खूण कुठे आहे?

जहाजावरचे घड्याळ कोणत्या कामाचे होते, हे समजले की खुणा आपोआप दिसू लागतात. घंटेचे घड्याळ चार तासांच्या पाळीचे ठोके देते. साडेबाराला एक, एकला दोन, दीडला तीन, असे दर अर्ध्या तासाला एकेक वाढत चारला आठ ठोके होतात आणि पुन्हा एकपासून सुरुवात होते. ठोके जोडीजोडीने पडतात, त्यामुळे साडेतीनला तीन जोड्या आणि एक सुटा ठोका ऐकू आला पाहिजे. दुकानात असे घड्याळ हातात आले तर मिनिटकाटा सावकाश पुढे फिरवून, प्रत्येक अर्ध्या तासाला थांबून, आठही वेळांचे ठोके मोजावेत. काटा मागे मात्र कधीही फिरवू नये. अमेरिकेतील चेल्सी कंपनीची, म्हणजे १८९७ साली स्थापन झालेल्या कारखान्याची, घंटेची घड्याळे या प्रकारात मानाची समजली जातात, आणि त्यांच्या यंत्रावरील अनुक्रमांकावरून निर्मितीचा काळ ठरवता येतो.

वायरलेसच्या खोलीतले घड्याळ मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे, कारण त्याची तबकडी म्हणजे एक नियमावलीच असते. १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांवर तांबडे पट्टे असतात. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटसंदेशांच्या रेडिओ लहरीवर, सर्वांनी संदेश पाठवणे थांबवायचे आणि कुठून एखादी क्षीण हाक येते का, ते कान देऊन ऐकायचे. तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यापासूनची तीन मिनिटे हिरव्या पट्ट्यांनी दाखवलेली असतात, आणि ती २१८२ किलोहर्ट्झवरील बोलीच्या संदेशांसाठीची. हिरवे पट्टे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातले आहेत, तेव्हा हिरवे पट्टे दाखवून कोणी घड्याळाचा संबंध १९१२ च्या टायटॅनिकशी जोडू लागला तर पुढे काही न ऐकता उठावे. पट्टे भिंगाखाली पाहिल्यावर रंगाचे बारीक ठिपके दिसले तर तबकडी अलीकडे छापलेली आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये नवी उपग्रहाधारित संकटसंदेश पद्धती पूर्णपणे लागू झाल्यावर या घड्याळांचे काम संपले आणि ती भंगारात आली. अलंगला ती सापडतात ती त्यामुळे.

तिसरा प्रकार क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रात जहाजाचा रेखांश काढण्यासाठीचे अतिशय अचूक घड्याळ, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे घड्याळ चार सेकंदांनी चुकले तर विषुववृत्तावर जहाजाची जागा एका सागरी मैलाने, सुमारे १.८५ किलोमीटरने, चुकते. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनचे चौथे घड्याळ १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत जेमतेम पाच सेकंद मागे पडले, आणि रेखांशाचा प्रश्न घड्याळाने सुटू शकतो हे सिद्ध झाले. पुढच्या शतकात क्रोनोमीटरचे रूप जे ठरले ते फारसे बदलले नाही: तीन मजली लाकडी पेटी, आत दुहेरी पितळी कड्यांवर झुलणारी यंत्राची वाटी, रुपेरी तबकडी, सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी आणि बाराच्या जागी किल्ली देऊन किती तास झाले ते सांगणारी दुसरी. दोन दिवस चालणाऱ्या क्रोनोमीटरवर ही मोजणी बहुधा ५६ पर्यंत असते.

खऱ्या क्रोनोमीटरची सर्वांत स्वस्त परीक्षा कानाने होते. त्याचा सेकंदकाटा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या उडीने चालतो आणि तितक्याच संथपणे टक्-टक् करतो. मोबाईलवर तीस सेकंद लावून मोजले तर साठ टिकटिकी भरतात. पेटीत साधे खिशातले घड्याळ बसवलेले असेल तर सेकंदाला सहसा पाच टिकटिकींची घाई ऐकू येते. त्यानंतर तबकडीवरचा, यंत्रावरचा आणि पेटीवरचा क्रमांक एकच आहे का, ते पाहावे. नंतर स्क्रू पाहावेत. जुन्या स्क्रूच्या खाचेला सरळ, स्वच्छ कडा असतात. खाच कुरतडलेली असेल तर आधी कोणीतरी अडाणी हाताने ते उघडले आहे.

मी हे शिकलो ते पैसे देऊन. छंदाच्या पहिल्याच वर्षी एका दुकानात मला 'लंडन' असे कोरलेले, आरशासारखे चकचकीत क्रोनोमीटर दिसले. पेटीच्या कोपऱ्यांवर काळसर रंग होता, म्हणून ती जुनी असणार असे मी ठरवले. घरी येऊन वाटी उलटी केली, तेव्हा मागच्या झाकणाखाली बोटभर सेल होता. तो काळसर रंग ओल्या फडक्याने पुसला गेला. आपल्याकडे मुरादाबाद आणि रुरकी येथे पितळेची जहाजी वस्तू बनवण्याचा मोठा उद्योग आहे. शोभेची वस्तू म्हणून ती वाईट नाही, मात्र तिच्यावर जुने साल कोरून ती अस्सल म्हणून विकली जाते, तिथे घोटाळा होतो. तेव्हापासून चकाकणारे पितळ दिसले की मी आधी घड्याळ उलटे करतो.

अलंगला जाताना अपेक्षा मर्यादित ठेवावी. त्रापजकडून अलंगकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जहाजांतून निघालेल्या मालाची मोठमोठी आवारे आहेत, ज्यांना तिथे खाडा म्हणतात. त्यांत घड्याळांसाठी तासन्‌तास घालवावे लागतात. आता मोडल्या जाणाऱ्या बहुतेक जहाजांवर क्वार्ट्झ क्रोनोमीटरच होते, त्यामुळे किल्लीचा क्रोनोमीटर तिथे सहसा मिळत नाही. भिंतीवरची बरीचशी घड्याळे मुख्य घड्याळाकडून ठरावीक अंतराने येणाऱ्या विजेच्या ठोक्यावर चालणारी असतात आणि घरी आणल्यावर एकटी चालत नाहीत. किल्लीवर आठ दिवस चालणारी रशियन व्होस्तोक घड्याळे, तसेच इंग्लंड, जर्मनी किंवा जपानची बल्कहेडवरची, म्हणजे जहाजातल्या आडभिंतीवरची, घड्याळे मात्र नवशिक्याने बिनदिक्कत घ्यावीत. ती शंभर वर्षांची नसतात, पण खरोखर समुद्रावरून आलेली असतात. ती घेताना जहाजाचे नाव आणि ते मोडल्याचे वर्ष विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे. हा कागद पुढे घड्याळाइतकाच मोलाचा ठरतो. ब्रिटिश लष्करी मालावरची बाणाची खूण नकली मालावरही ठोकतात, म्हणून एकट्या त्या खुणेवर विसंबू नये.

कायद्याचे दोन मुद्दे लक्षात ठेवावेत. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तसेच काही जुन्या पेट्यांवर नाव कोरलेली हस्तिदंती चकती असते, आणि हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. अशी पेटी न घेणेच शहाणपणाचे.

घड्याळ घरी आले की साफसफाईची घाई करू नये. रुपेरी तबकडीवरचा चांदीचा थर इतका पातळ असतो की पॉलिश लावले तर तो एका दुपारीत जातो, आणि कोरलेल्या अक्षरांतले काळे मेणही निघून येते. गोडेतेल किंवा शिवणयंत्राचे तेल यंत्रात घालू नये. रात्री चकाकणारे काटे आणि आकडे असलेली जुनी घड्याळे रेडियमच्या रंगाची असू शकतात. चकाकी विझली तरी रेडियम विझत नाही, त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे; म्हणून त्यांची काच उघडू नये, रंग खरवडू नये, आणि ती मुलांच्या हाती देऊ नयेत. रावपुऱ्याच्या टॉवरच्या आसपास किंवा मांडवीत जुनी भिंतीवरची घड्याळे उत्तम दुरुस्त करणारे हात भेटतील, परंतु क्रोनोमीटर देण्याआधी त्यांना एवढेच विचारावे की त्यांनी डिटेंट एस्केपमेंट, म्हणजे क्रोनोमीटरचे चाक टप्प्याटप्प्याने अडवून सोडणारी नाजूक रचना, कधी उघडले आहे का. उत्तर 'सगळी घड्याळे सारखीच' असे आले तर घड्याळ उचलून घरी यावे. क्रोनोमीटर प्रवासाला नेताना तो पूर्ण थांबू द्यावा आणि बॅलन्सखाली, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाखाली, बुचाचे पातळ तुकडे जाणत्याकडून बसवून घ्यावेत, नाहीतर हादऱ्याने नाजूक डिटेंट तुटतो.

पावसाळ्यात विश्वामित्री नदीचा दमटपणा घराघरात शिरतो आणि पितळेवर हिरवा कळंक चढतो. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून महिन्याला वाळवून घेतल्या तर पुरे होते.

क्रोनोमीटरला रोज एकाच वेळी किल्ली द्यावी. जहाजावरचा अधिकारी काटे दररोज हलवून वेळ जुळवत नसे. घड्याळ रोज किती पुढे किंवा मागे जाते ते वहीत लिहून हिशेबात धरत असे, कारण रोज तीन सेकंद ठामपणे मागे जाणारे घड्याळ आज एक सेकंद पुढे आणि उद्या दोन मागे जाणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचे असते. मीही रोज सकाळी सातला किल्ली देऊन मोबाईलच्या वेळेशी ताळा करतो आणि वहीत तारीख, फरक आणि खोलीचे तापमान अशा तीन रकान्यांत नोंद करतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फरकाचा आकडा हलू लागला तर मी घड्याळाला हात लावण्याआधी पुड्या वाळत घालतो.