जेवणातले लोह अंगी लागावे म्हणून काय करावे

हिमोग्लोबिन कमी असल्याचा अहवाल हातात पडला की घरादारातून पहिला सल्ला येतो तो बीट, डाळिंब आणि खजूर खाण्याचा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यामागे लाल पदार्थाने रक्त वाढते अशी समजूत असते आणि तिला आधार नाही. बिटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असतो, त्याचा लोहाशी संबंध नाही. 100 ग्रॅम बिटात जेमतेम 0.8 मिलिग्रॅम, डाळिंबाच्या दाण्यांत सुमारे 0.3 आणि खजुरात साधारण 1 मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच वजनाच्या शिजवलेल्या मसुरात मात्र ते 3.3 मिलिग्रॅमच्या आसपास असते. हे पदार्थ आवडीने खावेत, पण त्यांच्या भरवशावर काही महिने काढले तर तेवढा काळ रक्तक्षय तसाच राहतो, आणि धाप लागत असतानाही घरातली कामे रेटणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा वाया गेलेला काळ फार मोठा असतो.

पदार्थात लोह किती आहे, यापेक्षा त्यातले किती शरीरात शोषले जाते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या पदार्थासोबत आपण काय खातो-पितो यावर ठरते.

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण 3 ते 4 ग्रॅम लोह असते आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असतो. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्या मोडल्या की त्यांतले लोह शरीर वाया जाऊ देत नाही, नव्या पेशींसाठी पुन्हा वापरते. त्यामुळे प्रौढ पुरुषाच्या शरीरातून दिवसाला सुमारे 1 मिलिग्रॅम एवढेच लोह बाहेर पडते आणि तेवढेच अन्नातून भरून काढावे लागते. पाळी येणाऱ्या स्त्रियांची झीज याहून जास्त असते, गरोदरपणात गरज आणखी वाढते आणि झपाट्याने वाढणाऱ्या मुलांनाही ते अधिक लागते. जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, म्हणून यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातूनच त्याच्या प्रवेशावर नियंत्रण ठेवते.

अन्नातील लोह दोन प्रकारचे असते. मांस, मासे आणि कोंबडी यांतील लोहाचा काही भाग हिम (heme) स्वरूपात, म्हणजे हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांत बांधलेला असतो आणि त्यातला साधारण 15 ते 35 टक्के भाग शोषला जातो. धान्ये, कडधान्ये, भाज्या, बिया आणि अंडी यांतील लोह बिगर-हिम असते आणि त्याचे शोषण 2 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान बदलत राहते. शाकाहारी माणसाला जे काही हातात आहे ते या मोठ्या फरकातच आहे. समजा, जेवणात 200 ग्रॅम शिजवलेली मसुराची डाळ आहे, म्हणजे साधारण 6.6 मिलिग्रॅम लोह पोटात गेले. त्यातले 5 टक्के शोषले गेले तर शरीराला 0.33 मिलिग्रॅम मिळते आणि 10 टक्के शोषले गेले तर 0.66 मिलिग्रॅम. डाळीचे प्रमाण न वाढवता, केवळ जेवणाची मांडणी बदलून हा दुप्पट फरक पडू शकतो.

त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवे

सर्वांत सोपा आणि परिणामकारक उपाय हाच आहे. क जीवनसत्त्व बिगर-हिम लोहाचे आतड्याला घेता येईल अशा रूपात परिवर्तन करते आणि ते विरघळलेल्या अवस्थेत टिकवून ठेवते. ही क्रिया पोटात आणि आतड्यात दोन्ही घटक एकाच वेळी असतील तेव्हाच घडते, त्यामुळे सकाळी खाल्लेल्या संत्र्याचा रात्रीच्या डाळीला उपयोग नाही. 100 ग्रॅम पेरूमध्ये 200 मिलिग्रॅमहून अधिक, लाल ढोबळी मिरचीत सव्वाशेच्या आसपास आणि संत्र्यात सुमारे 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. एका लिंबाच्या रसातून 20 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, म्हणून डाळीवर दोन थेंब शिंपडून फारसे काही साधत नाही. निदान अर्धे लिंबू पिळावे आणि जोडीला कच्ची कोशिंबीर किंवा फळाच्या फोडी घ्याव्यात. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यातही उतरते, तेव्हा लिंबू पदार्थ आचेवरून उतरवल्यानंतर पिळावे आणि कोशिंबिरीच्या भाज्या आयत्या वेळी चिराव्यात. मांसाहार करणाऱ्यांनी डाळी-कडधान्यांच्या जेवणात थोडे मांस किंवा मासा ठेवला तरी त्या जेवणातील वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते.

चहा आणि कॉफी जेवणापासून दूर ठेवावी

चहा-कॉफीतील पॉलिफेनॉल ही वनस्पतिजन्य संयुगे बिगर-हिम लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषले जाऊ देत नाहीत. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच प्रकारच्या जेवणासोबत कॉफी घेतल्यावर लोहाचे शोषण 39 टक्क्यांनी आणि चहा घेतल्यावर 64 टक्क्यांनी घटलेले आढळले. त्याच प्रयोगातील आणखी एक निरीक्षण फारसे कोणी सांगत नाही आणि ते मला अधिक उपयोगाचे वाटते: कॉफी जेवणाच्या एक तास आधी घेतली तेव्हा शोषणात घट झाली नाही, परंतु जेवणानंतर तासाभराने घेतली तेव्हा ती जेवणासोबत घेतल्याइतकीच झाली. अन्न पोटात बराच वेळ राहत असल्याने हे घडणे स्वाभाविक आहे. म्हणून ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी चहा-कॉफी जेवणाच्या तासभर आधी संपवावी आणि जेवणानंतर शक्यतो दोन तास घेऊ नये. नाश्त्याच्या बाबतीत हे पाळणे अवघड जाते. तिथे निदान लोहाचा मुख्य पदार्थ दुपारच्या जेवणात हलवावा.

दुधातील कॅल्शियमही लोहाच्या शोषणात अडथळा आणते. हाडांसाठी दूध, दही किंवा चीज हवेच, फक्त त्यांची वेळ लोहाच्या मुख्य जेवणापासून वेगळी ठेवावी. लहान मुलांच्या बाबतीत मात्र ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतेच. वर्ष ओलांडलेले मूल दिवसाला अर्ध्या-पाऊण लिटरहून जास्त दूध पीत असेल, तर त्याचे पोट दुधाने भरते, ते जेवत नाही आणि गुटगुटीत दिसत असूनही त्याला रक्तक्षय होऊ शकतो.

भिजवणे, मोड आणणे, आंबवणे

धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत फायटिक आम्ल असते आणि ते लोह व जस्त बांधून ठेवते. बी रुजू लागले की त्यातील फायटेज हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि हे आम्ल मोडू लागते. स्वयंपाकघरात हे करवून घेणे सोपे आहे: कडधान्ये कोमट पाण्यात 8 ते 12 तास भिजवावीत, ते पाणी टाकून द्यावे, दाणे धुऊन ओलसर कापडात बांधावेत आणि दिवसातून दोनदा पाण्याचा हबका मारावा. दीड-दोन दिवसांत दाण्याच्या लांबीइतका मोड दिसू लागला की ते शिजवण्यास तयार झाले. उबदार आणि ओलसर वातावरणात मोडांबरोबर जंतूही वाढतात, त्यामुळे गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना कच्चे मोड देऊ नयेत, नीट शिजवूनच द्यावेत. पीठ आंबवल्यानेही फायटिक आम्ल घटते.

पालकाविषयी थोडेसे. 100 ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे 2.7 मिलिग्रॅम लोह असले, तरी त्यातील पॉलिफेनॉल आणि इतर घटकांमुळे फारच थोडे शोषले जाते. पालक खावा तो फोलेट आणि इतर जीवनसत्त्वांसाठी. लोहासाठी डाळी, सोयाबीन, हरभरा, तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांवर भर द्यावा.

लोखंडी कढईचा उपयोग होतो, पण सगळ्या पदार्थांना सारखा नाही. टोमॅटोसारखा आंबट आणि पातळ पदार्थ तिच्यात बराच वेळ शिजला तर लोह चांगले उतरते, कोरड्या भाजण्यातून फारसे उतरत नाही. शिजलेला पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

आहार पुरेसा नसतो तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन 13 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा आणि गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये 12 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. तथापि, हिमोग्लोबिन घटण्याच्या बरेच आधी शरीरातला लोहाचा साठा रिकामा होऊ लागतो आणि तो फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीतून कळतो. निरोगी प्रौढात फेरिटिन 15 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेले असेल तर साठा संपला असे समजतात. अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर हा आकडा फसवा चढलेला असू शकतो. थकवा, जिना चढताना धाप, केस गळणे, बर्फ किंवा माती खावीशी वाटणे ही लक्षणे असतील तर दोन्ही तपासण्या कराव्यात. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी झाले असेल तर पचनमार्गातून नकळत रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घेणे अत्यावश्यक आहे. पाळीत अति रक्तस्राव होत असेल तर त्यावरही उपचार व्हायला हवेत, कारण गळती चालू असताना आहार कितीही सुधारला तरी तो पुरत नाही.

तपासणीशिवाय स्वतःहून गोळ्या सुरू करू नयेत. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचेही हिमोग्लोबिन किंचित कमी असते, पण लोह पुरेसे असल्यास गोळ्यांनी ते वाढत नाही, आणि काहींच्या शरीरात आनुवंशिकतेने लोह साचत जाते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्या चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर घेऊ नयेत. एका मात्रेनंतर हेप्सिडिन वाढून पुढच्या मात्रेचे शोषण घटते, त्यामुळे काही रुग्णांना डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. मळमळ किंवा बद्धकोष्ठता होत असेल तर या पर्यायाविषयी विचारावे. शौचाला काळे होणे हा या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशाच जागी ठेवाव्यात, कारण मुलांमध्ये लोहाची जादा मात्रा प्राणघातक ठरू शकते. हिमोग्लोबिन पूर्वपदावर आले म्हणून गोळ्या लगेच बंद करू नयेत. साठा भरून येण्यासाठी त्या साधारण आणखी तीन महिने घ्याव्या लागतात आणि त्यानंतर फेरिटिन पुन्हा तपासून मगच थांबायचे ते ठरवावे.