पूररेषेवरची हरकत कशी लिहावी

पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा आकडा कोल्हापूरकराच्या तोंडी असतो. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पण पूररेषेच्या, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे नकाशावर दाखवणाऱ्या रेषेच्या, मसुद्यावर हरकत लिहायला बसला की तोच माणूस ‘आमच्यावर अन्याय झाला’ याखेरीज फारसे काही लिहीत नाही.

आपली हरकत नेमकी कशावर आहे, हे आधी ठरवावे. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते, म्हणजे असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता अनुक्रमे 4 आणि 1 टक्का धरलेली असते. रेषा कुठून जाते हा जलशास्त्राचा प्रश्न आहे. तिच्या आत बांधकाम किती होऊ द्यायचे हा धोरणाचा. रेषा चुकली म्हणायचे असेल तर मोजमाप लागते, नियम जाचक वाटत असेल तर पर्याय. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवू नयेत.

मसुदा प्रसिद्ध होताच जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. कोणत्या वर्षांची विसर्गाची नोंद धरली, त्यात 2019 आणि 2021 ही महापुराची वर्षे आहेत का, नदीपात्राचे सर्वेक्षण कधीचे आहे, पुलांच्या भरावांचा विचार झाला का, एवढे विचारावे. उत्तराला 30 दिवस लागू शकतात आणि हरकतींची मुदतही अनेकदा तेवढीच असते, म्हणून उशीर परवडत नाही.

तुमचा सर्वांत भक्कम पुरावा घराच्या भिंतीवरच असतो. पाणी ओसरल्यावर राहिलेल्या मातकट रेघेशेजारी टेप धरून, तारीख दिसेल असा फोटो काढावा. (गणपतीच्या तोंडावर रंग काढला की पुरावा रंगाखाली जातो.) मात्र बंधाऱ्यावरची पातळी 2019 मध्ये 55 आणि 2021 मध्ये 56 फुटांवर गेली, ती तिथल्या मोजपट्टीवरची, तुमच्या उंबऱ्यावरची नव्हे, त्यामुळे आपल्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्व्हेअरकडून काढून घ्यावी, कारण नकाशाशी ताडून पाहता येतो तो हाच आकडा.

विरोधात जाणारा निष्कर्ष झाकू नये. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचे खापर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर फोडले नाही. तुमचा मुद्दा अलमट्टीचाच असेल तर आधी समितीच्या युक्तिवादाला उत्तर द्यावे.

अर्जाला फोटो, उंचीचा तक्ता आणि गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक जोडून शिक्क्यासह पोच घ्यावी. सुनावणीला बोलावणे आले तर तीच पोच सोबत न्यावी.