18456: तीनदा टाकलेला सर्व्हर आणि एक न उघडलेली फाइल

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी लॅपटॉपवर पहिल्यांदा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं फुकट सॉफ्टवेअर) टाकला, नोट्समध्ये लिहिल्याप्रमाणे 'एसए' हे त्याच्या मुख्य अॅडमिन खात्याचं नाव आणि पासवर्ड भरला, आणि लाल फुलीसकट उत्तर आलं: लॉगिन फेल्ड, एरर 18456. काढला, परत टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी आई म्हणाली, "अरे, आता सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजारही बंद झाला असेल, झोप की!"

दुसऱ्या दिवशी आत्तेभावाला फोन केला. "दादा, पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही."

"पासवर्ड बरोबर आहे हे तुला कुणी सांगितलं? तू टाकताना कुठे भरलास का तो?"

नव्हताच भरला. मी तिन्ही वेळा 'बेसिक' पर्याय निवडला होता. त्यात लॉगिनची पद्धत विचारतच नाहीत, सर्व्हर थेट विंडोज ऑथेंटिकेशनवर बसतो, म्हणजे फक्त विंडोजच्या खात्यानंच आत घेतो. मग 'एसए'ला आत कोण घेणार? तीन काय, तीस वेळा टाकला असता तरी तेच झालं असतं.

दादानं मग मला एररलॉग नावाची, सर्व्हरच्या नोंदींची फाइल उघडायला लावली. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये 'लॉग'मध्ये असते, तिला एक्स्टेंशन नसतं, नोटपॅडमध्ये सरळ उघडते. पडद्यावर 18456 च्या तपशिलात स्टेट, म्हणजे कारण सांगणारा आकडा, 1 दिसतो, आणि तो मुद्दामच काही सांगत नाही, नाहीतर बाहेरून चाचपणाऱ्याला आयतीच मदत होईल. खरा स्टेट लॉगमध्ये असतो. माझा 58 होता, म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो. 5 दिसला तर त्या नावाचा युजरच नाही, 8 असेल तर पासवर्ड चुकला. हे दोन पाठ असले तरी निम्मी रात्र वाचते.

उपाय तसा सोपा. विंडोज ऑथेंटिकेशननं आत शिरायचं, सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी' पानावर मिक्स्ड मोड (विंडोजचं आणि सर्व्हरचं स्वतःचं, दोन्ही लॉगिन चालणारा) निवडायचा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. मी रीस्टार्ट केली आणि तरी अडकलो! आता लॉगमध्ये स्टेट 7 होता. विंडोज मोडमध्ये टाकलेल्या सर्व्हरवर 'एसए' खातं बंदच असतं. ते आधी एनेबल करायचं, पासवर्ड नव्यानं द्यायचा. खरं सांगायचं तर शिकण्यापुरतं 'एसए' लागतच नाही, विंडोज लॉगिन पुरतं. पण नोट्समध्ये होतं म्हणून मी अडून बसलो होतो.

पुढच्या सेमिस्टरला वर्गातल्या दोघांनी माझ्याकडे हेच गाऱ्हाणं आणलं, पण त्यांचा एरर 40 आणि 26 होता. तो लॉगिनचा घोळ नव्हेच, पासवर्डची पाळीच आलेली नसते. सर्व्हरच सापडत नाही. एक्सप्रेसचा इन्स्टन्स, म्हणजे मशीनवर टाकलेली सर्व्हरची प्रत, 'एसक्यूएलएक्सप्रेस' या नावाचा असतो, त्यामुळे नुसतं 'लोकलहोस्ट' लिहून चालत नाही. पुढे बॅकस्लॅश देऊन इन्स्टन्सचं नाव लिहायचं. एकाचं नाव बरोबर होतं, सर्व्हिसच बंद होती. ती सुरू केली आणि आम्ही राजवाड्याजवळ उसळ-पोहे खायला गेलो. पैसे अर्थातच त्यानं दिले.