घुंगरू तिसऱ्या आठवड्यात: साथीच्या दिवसांत नृत्यवर्ग पुन्हा सुरू करताना

गेल्या आठवड्यात डिचोलीहून फोन आला. माझ्याकडे विशारदपर्यंत शिकलेली मुलगी, आता स्वतःचा कथकचा वर्ग चालवते. तिच्याकडे तापाची साथ आली आणि एकेक करत निम्म्या मुली झोपल्या, म्हणून तिने वर्ग बंद ठेवलाय. "ताई, करोनात तुम्ही वर्ग परत कसा सुरू केलात ते सगळं सांगा." तासभर बोलले, आणि फोन ठेवल्यावर आठवलं की महत्त्वाचं अर्धं सांगायचंच राहिलं. ते सगळं इथे लिहून ठेवतेय.

मी गोव्यात फोंड्याला कथक शिकवते. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूला वर्ग बंद झाला, त्यानंतर मी तो दोनदा सुरू केला. पहिल्यांदा २०२० च्या शेवटी, आणि तो चुकीच्या पद्धतीने. दुसऱ्यांदा २०२१ ची चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, तेव्हा बऱ्यापैकी नीट.

पहिल्यांदा मी काय केलं? दिवसातून तीनदा फरशी पुसली. दारात सॅनिटायझरची बाटली आणि ताप मोजायचं पिस्तूल. वाऱ्यात स्कूटरवरून आलेल्या मुलींच्या कपाळाचं तापमान ते ३४ दाखवायचं, आणि आम्ही ते वहीत इमानेइतबारे लिहायचो. आणि हे सगळं खिडक्या लावून, एसी चालू ठेवून! घुंगरांच्या आवाजाची शेजाऱ्यांची तक्रार असायची, म्हणून खिडक्या बंद ठेवायची वर्षानुवर्षांची सवय. म्हणजे जिथे धोका नव्हता तिथे मी झिजत होते आणि जिथे होता ते दार माझ्याच हातांनी बंद करत होते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनेच, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनेच, सांगितलं की विषाणू असलेल्या वस्तूला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने रोज एकदा पुसली की पुरे.

धोका तोंडात आहे

नृत्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने दक्षिण कोरियातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये तिथल्या फिटनेस डान्सच्या वर्गांतून १२ ठिकाणी मिळून ११२ जणांना लागण झाली. खोल्या साधारण ६० चौरस मीटरच्या, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास. वर्ग ५० मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा. एका खोलीत ५ ते २२ जणी. बाधित शिक्षकांपैकीच एक जण पिलाटीस आणि योगही शिकवायची, सात-आठ जणांना, संथपणे. तिच्या त्या वर्गातल्या कुणालाच लागण झाली नाही. फरक दिसतो तो दमछाकीत आणि गर्दीत. जितका दम लागतो तितका श्वास जोरात, आणि त्यावर मोठा आवाज.

कथकात हे दोन्ही आहे. मुली धापा टाकत चक्कर, म्हणजे गिरक्या, घेताहेत आणि मी घुंगरांच्या वर आवाज चढवून "ता थेई थेई तत्" ओरडतेय. एका खोलीत सर्वांत जास्त हवा बाहेर फेकणारी व्यक्ती मीच होते. म्हणून पहिला बदल स्वतःत केला. पाचशे रुपयांचा कमरेला लावायचा माइक घेतला आणि हळू बोलायला शिकले. (पंचवीस वर्षांच्या सवयीनंतर हे ततकारापेक्षा, म्हणजे पायांच्या बोलांच्या सरावापेक्षा, कठीण आहे.) मुलींची पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, वर्गातून काढून ऑनलाइन नेली. मोबाइलवर सगळ्यांनी एकत्र बोल म्हणता येत नाहीत, आवाज मागेपुढे पोचतो, पण एकेकीने म्हणून दाखवायला चालतं. वर्गात मुली हातावर ताल धरायच्या आणि बोल मनात म्हणायच्या. त्यातून एक फायदा अनपेक्षित झाला. त्रितालाच्या सोळा मात्रा ज्यांच्या डोक्यात नव्हत्या त्या लगेच उघड्या पडल्या. सामुदायिक पढंतीत अशा मुली वर्षभर लपून राहतात.

लेहरा (तालासाठी मागे वाजत राहणारी धून) रेकॉर्ड केलेलाच वापरा. आमचे तबलजी साठीच्या पुढचे, त्यांना मी घरीच बसवलं आणि मानधन अर्धं का होईना चालू ठेवलं.

हवा कशी बघायची

उदबत्तीने. वर्ग रिकामा असताना, पंखे बंद करून, खोलीच्या मधोमध लावा आणि धूर कुठे जातो ते पाहा. एका दिशेला वाहून बाहेर गेला तर खोली बरी. सरळ वर जाऊन छताशी घुटमळत राहिला तर मुलींचा श्वासही तिथेच घुटमळणार. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत देतो. उपाय स्वस्त आहे. एका खिडकीत टेबल फॅन ठेवा, त्याचं तोंड बाहेर करा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. पंखा वापरलेली हवा बाहेर ढकलतो, समोरून ताजी येते. मग पुन्हा उदबत्ती लावून पाहा.

पावसाळ्यात हे अवघड. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि झड येते ती पश्चिमेकडून. मी पश्चिमेच्या खिडक्या वितभर आणि पूर्वेच्या सताड उघड्या ठेवायचे. एक कोपरा भिजायचा. तिथे गोणपाट टाकलं आणि तो कोपरा नाचातून वगळला, कारण ओल्या फरशीवर चक्कर घेताना पाय सटकला तर घोटा गेलाच.

जमत असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घ्या. ते विषाणू मोजत नाही, दुसऱ्यांनी सोडलेली हवा खोलीत किती साठली आहे तेवढं सांगतं. आत एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा) सेन्सर आहे याची खात्री करून घ्या, स्वस्तातली काही यंत्रं नुसते आकडे नाचवतात. बाहेर अंगणात ते साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतं. वर्गात ८०० च्या आत ठेवायचा प्रयत्न करा. माझा हॉल २० बाय १५ फुटांचा, स्लॅबचा. खिडक्या लावून सहा मुलींना वीस मिनिटं नाचवलं तेव्हा आकडा १६०० वर गेला. तो पाहून मी खुर्चीवर बसलेच. पंखा बाहेर तोंड करून लावल्यावर त्याच सहा मुली, तेवढाच वेळ, आणि आकडा साडेसातशे.

पण सगळ्यात चांगली जागा यंत्राने नाही, एका विद्यार्थिनीच्या आजीने दिली. बांदोड्याला त्यांचं जुनं घर आहे. मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, तुळस, चौफेर ओसरी, वर कौलं. कौलांच्या फटींतून हवा आपोआप निघून जाते, म्हणून मंगळुरी कौलांच्या घरात कोंदट वाटत नाही. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर मोठ्या मुलींचे वर्ग तिथेच घेतले. तुमच्या गावात असं घर नसेल तर देवळाच्या अग्रशाळेसाठी (आवारातल्या धर्मशाळेसाठी) समितीला विचारा. पण लेखी विचारा, आणि दिवस व वेळ नक्की करून घ्या. तोंडी परवानगी लग्नाच्या मुहूर्तावर उडते.

किती मुली, किती वेळ

एकीला सहा बाय सहा म्हणजे ३६ चौरस फूट धरले तर माझ्या ३०० चौरस फुटांच्या हॉलमध्ये कागदावर आठ मुली बसतात. कथकात हात पूर्ण पसरतात आणि चक्करमध्ये लहान मुली हमखास सरकतात, म्हणून मी सहाच घेतल्या. चाळीस मिनिटं वर्ग, वीस मिनिटं खोली रिकामी, पंखा चालू. त्या वीस मिनिटांत पुढच्या तुकडीला आत घ्यायचा मोह होतो. बाहेर आई स्कूटरवर ताटकळत असते. घेऊ नका.

तुकड्या एकदा ठरल्या की फोडायच्या नाहीत. "आज शाळेत कार्यक्रम आहे, हिला उद्याच्या तुकडीत चालेल ना?" याला उत्तर नाही हेच. कारण एकीला लागण झाली तर सहा घरांना फोन करायचे की तीस घरांना, हे त्यावर ठरतं.

मास्क साधा तीन पदरी. घामाने भिजला की त्यातून धड श्वास येत नाही, म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत दुसरा कोरडा हवा. मी स्वतः एन-९५ लावत होते. मास्क लावून चौगुनीत (चौपट लयीत) ततकार करून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही जोराच्या व्यायामात मास्क नको असंच सांगितलं होतं. म्हणून बंद खोलीत मास्क आणि ठाय (संथ) लय, जोराचं काम उघड्यावर लांब लांब उभं राहून. अर्धा चेहरा झाकलेला असताना अभिनय कसा शिकवणार असं सगळे विचारतात. मी त्या महिन्यांत डोकं, नजर आणि मान यांच्या हालचाली, म्हणजे शिरोभेद ९, दृष्टिभेद ८ आणि ग्रीवाभेद ४ इतकंच घेतलं. एरवी परीक्षेपुरतं पाठ करून मुली ते विसरतात. ओठांवरचं ठरावीक हसू झाकलं गेल्यावर डोळ्यांना काम करावंच लागलं.

सुरुवातीच्या वंदनेबद्दल एक. नटराजापुढे समई आणि शेजारी सॅनिटायझरची बाटली हे दृश्य मी दोन वर्गांत पाहिलंय. त्यात सत्तर टक्के अल्कोहोल असतं! हात चोळून ओल्या हातांनी लगेच वात सारू नका. पाया पडणं बंद, जागेवरून नमस्कार. घुंगरू ज्याचे त्याचे, ज्याच्या त्याच्या पिशवीत. ते ब्लीचने पुसू नका, पितळ काळं पडतं. दोरीला घाम मुरलेला असतो, ऊन पडेल त्या दिवशी वाळवा.

सरकारी आदेशांचं थोडक्यात सांगते. त्या दिवसाचा, आपल्या जिल्ह्याचा आदेश स्वतः वाचा. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश वेगळे निघायचे, आणि व्हॉट्सअॅपवर कुणीतरी नेमका उत्तरेचा फिरवायचा.

फी आणि खोटं बोलणं

हा भाग फोनवर सांगायला विसरले होते, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा.

पहिल्या खेपेला माझ्या वर्गात एक मुलगी आली. वर्ग संपल्यावर सहज म्हणाली, "आजोबांना चार दिवस ताप आहे, पण आई म्हणाली ताईंना सांगू नको." मी आईवर भडकले. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की ती खोटं का बोलली. माझ्याकडे महिन्याची पूर्ण फी आगाऊ, चुकलेल्या वर्गाची भरपाई नाही, तीन गैरहजेऱ्या झाल्या की परीक्षेचा फॉर्म नाही, आणि वर्षाअखेरीस शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. आजारी मुलीला वर्गात पाठवायची सगळी कारणं मीच दिली होती.

दुसऱ्यांदा सुरू करताना नियम बदलले. घरात कुणालाही ताप, घसा, खोकला असेल तर मुलगी घरी, आणि त्या दिवशीचा वर्ग तिला ऑनलाइन. फी कापायची नाही, पण चुकलेला वर्ग पुढे भरून द्यायचा. हजेरीचं बक्षीस कायमचं बंद, आजही नाही. आणि जो पालक आधी कळवेल त्याला मी "बरं केलंत" म्हणणार, का उशीर झाला असं विचारणार नाही. हे शेवटचं पाळायला सगळ्यात जड गेलं. तुकड्या अर्ध्या झाल्या म्हणजे माझी कमाईही जवळजवळ अर्धी झाली. भाडं तेवढंच. मी घरमालकांना यंत्रावरचा आकडा दाखवून सहा महिने भाडं कमी करून घेतलं. लाजू नका, विचारा.

चवथीचंही धरा. गोव्यात चवथीला सगळं खानदान मूळ घरी जमतं, मुंबई-पुण्याहून माणसं येतात, एका पंगतीला तीस पानं. त्यानंतर दहा दिवस माझा वर्ग ऑनलाइनच असायचा. कुणी जाऊ नका म्हणण्यात अर्थ नसतो, जाणारच.

लागण झालीच तर त्याच संध्याकाळी त्या तुकडीला कळवा, मुलीचं नाव न घेता. माझा मेसेज असा असायचा: "मंगळवारच्या पाचच्या तुकडीत एकीला लागण झाली आहे. ती बरी आहे. १४ दिवस ही तुकडी घरी. घरात वयस्क असतील तर जपा. कोण ते कृपया विचारू नका." लोक विचारतातच. सांगू नका.

पहिले दोन आठवडे

ज्या मुली आजारी पडल्या होत्या त्यांनी लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान ७ दिवस थांबावं आणि पुढचे दोन आठवडे अगदी हलकं करावं. छातीत दुखलं, धडधडलं, जिना चढताना दम लागला तर नाच नाही, डॉक्टर. आजारी न पडलेल्यांचेही पाय महिनाभराच्या विश्रांतीने मऊ झालेले असतात. घरी टाइल्सवर नाचून नडग्या दुखणाऱ्या चार मुली मला पहिल्याच आठवड्यात सापडल्या. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त बराबरीत (एकपट लयीत) ततकार, तोही दहा मिनिटं. दुगुन (दुप्पट लय) दुसऱ्या आठवड्यात. चौगुन महिन्याने.

डिचोलीची मुलगी फोन ठेवता ठेवता विचारत होती, "ताई, पहिल्या दिवशी घुंगरू आणायला सांगू का? मुली वाट बघताहेत." नको सांगू. घोट्यांना अजून ते वजन झेपणार नाही, आणि सहा मुलींनी घुंगरू बांधले की तुझा आवाज चढणार. तिसऱ्या आठवड्यात सांग.